जाळी, तार आणि तंतू : खोडदच्या दुर्बिणीची बांधणी

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगावात पूर्वेला वळले की खोडदचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, टोमॅटो, कांदा, उसाचे फड, आणि त्यांच्या डोक्यावरून एकाएकी एक प्रचंड पांढरट डिश वर येते. थोडे पुढे गेले की दुसरी, मग तिसरी. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माणसांना त्यांचे आता नवल उरलेले नाही. पाहुण्याला शिवनेरी दाखवतात तशी डिशही दाखवतात. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, हे तिचे कागदोपत्री नाव. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली आणि तेच केंद्र ती चालवते.

या दुर्बिणीने आकाशात काय शोधले यावर मराठीत बऱ्यापैकी लिहून आले आहे. ती बांधली कशी, यावर मात्र फारसे नाही. हे पुस्तक त्याच प्रश्नाचे आहे. लोखंड कुठे घातले आणि कुठे टाळले, पत्र्याऐवजी जाळी का, पंचवीस-तीस वर्षांत यातले काय टिकले आणि काय काढून टाकावे लागले, आणि आज दक्षिण आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात नव्याने उभ्या राहणाऱ्या दुर्बिणी इतक्या वेगळ्या का दिसतात, हे सगळे त्यात येईल. यंत्रांविषयी बोलताना आपण दोन टोकांपैकी एक चटकन पकडतो. जुनी यंत्रे दणकट होती, हल्लीची तकलादू. किंवा जुने सगळे भंगार, नवे तेवढे खरे. खोडदच्या शेतात उभे राहून पाहिले तर दोन्ही मते टिकत नाहीत. तिथे १९९० च्या दशकातला सांगाडा आणि अलीकडच्या काळातले इलेक्ट्रॉनिक्स एकाच खांबावर नांदत आहेत, आणि एकाला दुसऱ्यावाचून किंमत नाही.

आधी जाळीचे पाहू, कारण बघणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो: एवढ्या भोकांतून लहरी निसटून जात नाहीत का? रेडिओ लहरीला भोक दिसते की नाही, हे तिच्या लांबीवर ठरते. १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांब असते. हायड्रोजनच्या अणूतून येणारी १४२० मेगाहर्ट्झची लहर २१ सेंटिमीटरची. खोडदच्या डिशमध्ये मधल्या भागात जाळीचे घर १० मिलिमीटरचे आहे, पुढे १५ चे, आणि कडेला २० चे. दोन मीटरच्या लहरीला असली जाळी सलग पत्र्यासारखीच लागते, २१ सेंटिमीटरच्या लहरीलाही ती बऱ्यापैकी परतवते. जाळीची तार स्टेनलेस स्टीलची, अवघी ०.५५ मिलिमीटर जाडीची. हिशेब केला तर डिशच्या तोंडाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग मोकळा असतो. वारा तिथून सरळ पार होतो.

या वाऱ्यातच सगळ्या रचनेचे मर्म आहे. डिशचा व्यास ४५ मीटर, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ पावणेसोळा गुंठे. अशा तीस डिश मिळून पावणेबारा एकर होतात. पावणेसोळा गुंठ्यांचा सलग पत्रा उभा धरला तर वळवाच्या एका वावटळीत त्यावर येणारा जोर पेलायला किती लोखंड लागेल, याची कल्पना करून बघावी. लोखंड वाढले की वजन वाढते, वजन वाढले की ते फिरवायला मोठ्या मोटरी, मोठे बेअरिंग, जाड खांब आणि खोल पाया लागतो. प्रत्येक टप्प्यावर खर्च वाढत जातो. या दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी पहिल्याच कडीला तोडली. वाऱ्याला अडवायचेच नाही असे ठरवले.

त्यासाठी त्यांनी काढलेली युक्ती अशी. डिशच्या मध्यापासून कडेपर्यंत अन्वस्ताच्या वक्राकारात १६ फासळ्या. दोन फासळ्यांमध्ये जाडजूड लोखंडी कैच्या न घालता पोलादी दोरखंडांच्या, वायर रोपच्या, कैच्या ताणून बसवलेल्या. त्या दोरखंडांवर जाळी ओढून बांधलेली. दोरखंडांचा ताण कमीजास्त करत जाळीला हवा तो बाक आणायचा. नारायणगावच्या बागाईतदाराला हे सांगताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत. द्राक्षाच्या मांडवात तार नीट ताणलेली असली की बारीक तारेवर घडांचे केवढे ओझे तरते, आणि तीच सैल पडली की सगळा मांडव कसा झोपतो, हे त्याला ठाऊक असते. संरचनेचे तपशीलवार आराखडे मुंबईच्या टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने केले. डिश फिरवणारी सर्व्हो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवली.

या रचनेने नेमके किती वाचले, हे कळायला एक तुलना पुरते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावर १९८० साली पूर्ण झालेली व्हेरी लार्ज ॲरे ही २७ डिशची दुर्बीण आहे. तिची प्रत्येक डिश २५ मीटर व्यासाची आणि वजनाला सुमारे २१० टन. खोडदच्या डिशचे तोंड तिच्या तिपटीहून मोठे, पण काउंटरवेट धरूनही हलत्या भागाचे वजन १२० टनांच्या आतबाहेर. मात्र यावरून अमेरिकी अभियंत्यांना उधळे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना सेंटिमीटरभर लांबीच्या लहरींपर्यंत पोचायचे होते, आणि तिथे जाळी कुचकामी ठरते. तिथे घट्ट, गुळगुळीत ॲल्युमिनियमच हवे. खोडदने लांब लहरींचा प्रांत निवडला आणि त्या प्रांताला पुरेल एवढीच बांधणी केली. यंत्राचा दर्जा पाहताना ते कोणत्या कामासाठी केले आहे हे आधी विचारले पाहिजे, असे मी या पुस्तकात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कारण याविषयीच्या गप्पांमध्ये तो प्रश्न सर्वांत आधी गळतो.

ही युक्ती आकाशातून पडली नाही. तिच्यामागे दोन जुनी यंत्रे आहेत, आणि त्यांतले पहिले आपल्या महाराष्ट्रातले. १९६५ साली कल्याणला ३२ लहान डिशची एक रांग उभी राहिली. प्रत्येक डिश जेमतेम १.८ मीटरची. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरून झालेल्या या डिश ऑस्ट्रेलियाने भारताला देऊन टाकल्या होत्या. दुसऱ्याने वापरून सोडलेले यंत्र उघडून, जोडून, आपल्या गरजेप्रमाणे बदलून त्यावर ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहायला शिकलेली तरुण मुले पुढे देशातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा कणा झाली. दुसरे यंत्र उटीचे, १९७० चे. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे अर्धे कापलेले नळकांडे, आणि ते अशा डोंगर उतारावर बसवलेले की उताराचा कोन आणि त्या जागेचा अक्षांश जवळजवळ एकच, सुमारे ११ अंश. त्यामुळे नळकांड्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एका आसाभोवती फिरवून तारा दिवसभर पकडता येऊ लागला. जागेने अर्धे काम करून दिले. उटीचा परावर्तक म्हणजे २४ अन्वस्ताकार चौकटींवरून ओढलेल्या ११०० बारीक स्टेनलेस तारा. खोडदची जाळी त्या तारांची थेट वंशज आहे.

खोडदच्या आराखड्यातही आधी नळकांडीच होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर दोन गोष्टी जुळून आल्या. ताणलेल्या दोरखंडांची स्वस्त डिश शक्य आहे असे दिसले, आणि दूरवरच्या डिशचा संकेत मध्यवर्ती इमारतीपर्यंत आणायला ऑप्टिकल फायबर हाताशी आले. मग नळकांडी रद्द झाली. १९८७ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली. चौदा डिश खोडदच्या मध्यवर्ती चौरस किलोमीटरभर जागेत, आणि सोळा डिश पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर. प्रत्येक भुजा चौदा किलोमीटरच्या आसपास; दक्षिणेची आंबेगावच्या अंगाला उतरते. दोन डिशमधले सर्वांत मोठे अंतर २५ किलोमीटर. १९९० च्या दशकात बांधकाम झाले आणि २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना तिचा वेळ मिळू लागला. जागा निवडतानाही बांधणीचाच विचार होता. सह्याद्रीच्या रांगा मुंबई-पुण्याचा रेडिओ गोंगाट अडवतात, वारे फार जोराचे नाहीत, बर्फाचा तर प्रश्नच नाही, आणि १९ अंश अक्षांशावरून दक्षिणेचे आकाशही पुष्कळ दिसते. बर्फाच्या देशात ही जाळी इतकी हलकी करता आली नसती.

हलके बांधणे म्हणजे कच्चे बांधणे नव्हे, असे मी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात शंका येतेच, आणि ती रास्त आहे. हलक्या बांधणीची दोन मोठी अपयशे जगाने पाहिली आहेत. अमेरिकेत ग्रीन बँक इथे ३०० फूट व्यासाची एक जाळीची डिश १९६२ साली झटपट आणि स्वस्तात उभारली होती. थोड्या वर्षांच्या कामासाठी म्हणून बांधलेली ती दुर्बीण २६ वर्षे वापरात राहिली. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ती जागच्या जागी कोसळली. पोलादी सांधे एकत्र धरणारी एक गसेट प्लेट तुटली होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. खोडदचा प्रकल्प त्या वेळी मंजूर होऊन जेमतेम वर्ष उलटले होते.

दुसरी घटना अनेकांना आठवत असेल. पोर्तो रिकोतली अरेसिबो दुर्बीण, १९६३ ची, ३०५ मीटर व्यासाची. तिच्या बशीवर १३७ मीटर उंचीवर ९०० टनांचा मंच केबलांना टांगलेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल आपल्या खोबणीतून निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली, आणि १ डिसेंबरला मंच खाली आला. यातली पहिली निसटलेली केबल मूळची नव्हती. १९९० च्या दशकात दुर्बीण सुधारताना वर नवा जड भाग बसवला, त्याचा भार पेलायला जादा केबल ओढल्या, त्यांतली ती होती. जुन्या केबल जवळजवळ सहा दशके टिकल्या. निसटली ती नंतरची. आणि नोव्हेंबरमध्ये तुटली ती मात्र मूळचीच. त्यामुळे जुने चांगले की नवे चांगले, असा निकाल अरेसिबोवरून देता येत नाही. तिथून घ्यायचे ते इतकेच की सांगाड्यावर नवा भार टाकणारी सुधारणा ही दुरुस्तीपेक्षा मोठी जोखीम असते, आणि ताणाखालची केबल वर्षानुवर्षे कोणीतरी जवळ जाऊन तपासली पाहिजे.

खोडदची दुर्बीण २०१० च्या दशकात सुधारली तेव्हा सांगाड्याला हात लावला गेला नाही, याचे महत्त्व मला त्यामुळेच फार वाटते. डिश तीच राहिली. बदलले ते लहर गोळा करणारे फीड, रिसीव्हर, तंतूंवरून संकेत आणण्याची पद्धत आणि शेवटचे संगणक. आणि सांगाड्याची देखभाल हे वेगळे, न संपणारे काम चालू राहिले. उघड्यावर उभ्या लोखंडाला जुन्नरचा पावसाळा दरवर्षी गाठतो. गंज खरवडणे, रंग देणे, फाटलेली जाळी शिवणे, दोरखंडांचा ताण पाहणे ही कामे एका डिशवरून दुसऱ्या डिशवर फिरत राहतात, आणि शेवटची होईपर्यंत पहिलीची पाळी पुन्हा येते. ताशी १३३ किलोमीटरच्या वाऱ्यात डिश तग धरेल असा आराखडा आहे. पण आराखड्यातला तो आकडा दरवर्षी रंगाच्या डब्याने आणि पान्याने खरा करून दाखवावा लागतो. संशोधनाच्या बातम्यांत या माणसांची नावे येत नाहीत, म्हणून या पुस्तकात देखभालीवरचे प्रकरण सर्वांत लांब आहे.

आता यंत्राच्या त्या भागाकडे येऊ जिथे खरोखरच जुने जाऊन नवे आले. डिशच्या तोंडासमोर, सुमारे साडेअठरा मीटर अंतरावर, चार पायांवर एक फिरती पेटी धरलेली असते. तिला चार बाजू, आणि प्रत्येक बाजूला वेगळ्या लहरींसाठी वेगळा फीड, म्हणजे लहर गोळा करणारे तोंड. निरीक्षकाला जी लहर हवी ती बाजू डिशकडे फिरवायची. जुन्या व्यवस्थेत १५०, २३५, ३२५, ६१० आणि १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचे अरुंद पट्टे होते. १४२० साठीचे फीड बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने तयार केले होते. एका वेळी फार तर ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहता येई. १९९० च्या दशकात एवढे पुष्कळ होते. त्याहून जास्त आकडे गिळू शकेल असे गणकयंत्र परवडणारे नव्हते.

सुधारित जीएमआरटी २०१० च्या दशकात टप्प्याटप्प्याने आली. आता १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा बहुतेक प्रदेश चार रुंद पट्ट्यांत मिळतो आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ पाहता येतात. जुन्या ३२ च्या बारापटीहून अधिक. त्यासाठी फीड नव्याने घडवावे लागले. अरुंद पट्ट्याचा फीड एका सुरात लावलेल्या वाद्यासारखा वागू शकतो, त्यात थोडी सोय असते. रुंद पट्ट्यात प्रत्येक लांबीच्या लहरीशी त्याला सारखेच जमवून घ्यावे लागते. २५० ते ५०० मेगाहर्ट्झसाठी शंकूच्या आकाराचे द्विध्रुव वापरले. मोटरीही बदलल्या. ब्रश असलेल्या जुन्या डीसी मोटरींच्या जागी ब्रशविना चालणाऱ्या आल्या. ब्रश झिजतात आणि ठिणग्या टाकतात, आणि रेडिओ दुर्बिणीच्या पोटातच ठिणगी म्हणजे घरचाच गोंगाट.

या सगळ्या सुधारणेत मला सर्वांत देखणा वाटतो तो तंतूंचा भाग. जमिनीखालून प्रत्येक डिशपर्यंत ऑप्टिकल फायबर पहिल्यापासून टाकलेले होते. काचेच्या एकाच तंतूतून वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेझर किरण एकाच वेळी पाठवता येतात, एकमेकांत न मिसळता. अभियंत्यांनी याचा फायदा घेतला. जुना संकेत आपल्या किरणावरून येत राहिला आणि त्याच्या शेजारून नवा रुंद संकेत दुसऱ्या किरणावरून येऊ लागला. दुर्बीण वर्षभर बंद ठेवून पाट्या लावाव्या लागल्या नाहीत. जुन्या यंत्रणेवर जगभरचे निरीक्षक काम करत होते आणि त्याच डिशवर नवी यंत्रणा उभी राहत होती. ज्यांनी १९९० च्या दशकात तंतू टाकले, त्यांनी पुढे येणाऱ्यांसाठी ऐसपैस जागा ठेवली होती.

इमारतीत पोचल्यावर या संकेतांचे काय होते, त्यातही तीन पिढ्या आहेत. तीस डिशमधून दोन-दोनच्या जोड्या करायच्या तर ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीचा संकेत क्षणाक्षणाला एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. पहिल्या पिढीत हे काम खास त्यासाठीच बनवलेल्या चिपांनी भरलेली कपाटे करत. २०१० च्या सुमारास ते सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर, सॉफ्टवेअरच्या जोरावर होऊ लागले. तिसऱ्या पिढीत एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारे चिप, आणि जीपीयू आले. हे जीपीयू म्हणजे मुळात संगणकावरच्या खेळांतली चित्रे झरझर काढण्यासाठी बनलेले चिप.

इथे नव्याच्या बाजूने मोठे माप टाकावे लागते. ४०० मेगाहर्ट्झच्या रुंदीमुळे अंधूक वस्तू कमी वेळात दिसतात, आणि संकेतात घुसलेला गोंगाट चालू निरीक्षणातच ओळखून छाटता येतो. जून २०२३ मध्ये अनेक देशांच्या गटांनी पल्सारच्या, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांमधून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला, तेव्हा भारतीय गटाची मोजमापे खोडदची होती. पल्सारचा ठोका तारकांमधल्या वायूतून येताना लांब लहरींवर जास्त रेंगाळतो. तो रेंगाळ अचूक काढायचा तर लांब लहरींचा रुंद पट्टा हवाच, आणि तो इथे आहे.

पण नव्याने काही गमावलेही. जुन्या फीडमध्ये २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झ एकाच तोंडात, एकात एक बसवलेले होते. एकच डिश एकाच क्षणी दोन्हीकडे पाहू शके. झपाट्याने बदलणाऱ्या वस्तूंसाठी ही सोय अनमोल होती. रुंद पट्ट्याच्या फीडसाठी ती सोडून द्यावी लागली. आता दोन वेगळ्या लहरी एकाच वेळी हव्या असतील तर डिशचे गट पाडतात, काही इकडे, काही तिकडे. पल्सारवाले तसेच करतात. काम होते, पण प्रत्येक गटाच्या वाट्याला कमी डिश येतात. सुधारणेच्या हिशेबात ही बाजूही लिहिली गेली पाहिजे.

आयुर्मानाची बाब तर उघडच उलटी आहे. खांब, फासळ्या, बेअरिंग यांनी पाव शतक ओलांडले. गणक यंत्रणा त्याच काळात दोनदा बदलली आणि पुन्हा बदलेल. जाळी फाटली तर शिवणारे हात आसपासच्या गावांत मिळतात. बंद पडलेल्या कार्डावरची चिप मात्र कारखान्यानेच बनवणे सोडलेले असू शकते. म्हणून नवे इलेक्ट्रॉनिक्स वाईट, असे मी म्हणणार नाही. लवकर जुने होणारा भाग कपाटात, पाना घेऊन पोचता येईल अशा ठिकाणी ठेवला आणि न बदलता येणारा भाग लांब पल्ल्याचा केला, या विभागणीला मी उत्तम बांधणी म्हणतो. २०२० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने जीएमआरटीला माइलस्टोनचा मान दिला. अभियांत्रिकीसाठीचा मान आहे तो, खगोलशास्त्रासाठीचा नव्हे, आणि म्हणूनच तो मला विशेष मोलाचा वाटतो.

मग आज नव्याने दुर्बीण बांधायची झाली तर खोडदसारखीच बांधतील का? नाही. कारण किमतींचे पारडे फिरले आहे. १९८० च्या दशकात रिसीव्हर आणि गणकयंत्र महाग होते, म्हणून डिश मोजक्या पण मोठ्या करणे शहाणपणाचे होते. आता इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाले आहे, त्यामुळे लहान डिश पुष्कळ लावतात. लहान डिशला एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा दिसतो. दक्षिण आफ्रिकेतली मीरकॅट २०१८ मध्ये सुरू झाली. साडेतेरा मीटरच्या ६४ डिश, आणि फीड एका बाजूला सरकवलेला, म्हणजे त्याच्या पायांची सावली डिशवर पडत नाही. खोडदला ती पडते. तिथेच उभारत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेमध्ये मीरकॅट धरून १९७ डिश असतील. जोड्या १९,३०६. खोडदच्या ४३५ शी ताडून पाहिले तर गणनेचे ओझे कुठल्या कुठे गेले हे दिसते. याच प्रकल्पाचा दुसरा भाग पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथे १,३१,०७२ ॲंटेना, माणसापेक्षा थोड्या उंच झाडासारख्या, जमिनीत रोवलेल्या, एकही न हलणाऱ्या. मोटर नाही, बेअरिंग नाही. दिशा बदलायची ती संगणकातल्या गणिताने. भारत या प्रकल्पात आहे. जानेवारी २०२४ मध्ये १२५० कोटी रुपयांच्या सहभागाला केंद्राची मंजुरी जाहीर झाली, आणि दुर्बिणीच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर घडवण्यात पुण्याच्या केंद्राचा मोठा वाटा आहे. तीस डिश दूर बसून एकसाथ हाकण्याचा खोडदचा अनुभव तिथे कामी येतो.

एक भाग अजून राहिला, आणि तो कोणत्याही आराखड्यात दिसत नाही: आसपासची शांतता. १५० मेगाहर्ट्झवर वीजवाहिनीवरचा एक सैल इन्सुलेटरही ठिणगी टाकून निरीक्षण बिघडवतो. मोबाइलचे मनोरे, वाहनांची प्रज्वलन यंत्रणा, स्वस्त बनावटीचे एलईडी दिवे, सगळे ऐकू येते. डिशजवळची स्वतःची उपकरणेही धातूच्या बंद खोल्यांत कोंडलेली आहेत. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या गावांनी काय लावावे, कुठे लावावे, यावर या यंत्राचे आरोग्य अवलंबून आहे, आणि त्याची किंमत गावेही मोजतात. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची मूळ आखणी या भागातून होती आणि ती याच दुर्बिणीपायी अडली; विजेच्या रेल्वेचा पेंटोग्राफ तारेला घासताना पडणाऱ्या ठिणग्या दूरवर ऐकू जातात. नारायणगाव-मंचरच्या लोकांनी रेल्वेची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे. त्यांचा राग मी खोटा मानत नाही. टोमॅटो आणि कांदा पाठवणाऱ्याला लोहमार्गाचा अर्थ पुरता कळतो. तरी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, तिच्या जाळीपासून तंतूंपर्यंत सगळे या जागेच्या मापाचे आहे, आणि मार्गाला पर्याय शोधता येतो, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त तो पर्याय शोधताना या दोन तालुक्यांना वगळून चालणार नाही. शांतता राखल्याचा मोबदला म्हणून चांगले रस्ते आणि शेतमालाची वेगवान वाहतूक मागण्याचा त्यांना पुरता हक्क आहे.

पुस्तकात पहिली प्रकरणे कल्याण आणि उटीची आहेत, मधली खोडदच्या डिशची, नंतर देखभाल, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन पिढ्या, आणि शेवटी मीरकॅट व स्क्वेअर किलोमीटर ॲरे. गणिताची भीती वाटणाऱ्यांनी फीडवरच्या प्रकरणातला मधला भाग सोडून पुढे जायला हरकत नाही. ज्यांना वाचण्याआधी पाहायचे असेल त्यांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जावे. तेव्हा दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि परिसरातल्या शाळांची प्रदर्शनेही मांडलेली असतात. गर्दी असतेच, पण तिथले अभियंते प्रश्नांना कंटाळत नाहीत. फोन बंद करून डिशच्या खाली जावे. जाळीचे घर मध्यापासून कडेकडे कसे मोठे होत जाते ते पाहावे, दोन फासळ्यांमधले दोरखंड शोधावेत, काउंटरवेट कोणत्या बाजूला आहे ते बघावे, आणि वरच्या फिरत्या पेटीची कोणती बाजू डिशकडे आहे हे विचारावे. त्या क्षणी दुर्बीण कोणत्या लांबीची लहर ऐकते आहे, याचे उत्तर त्यातच मिळते.